अभयारण्याच्या शिवेवरचं गाव: आत काय चालतं, काय चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, शिव थेट अभयारण्याला लागलेली. बीटगार्ड (वनरक्षक) म्हणतात, आत पाय ठेवायचा नाही. गावातली पोरं म्हणतात, वनहक्क कायदा आहे, कोणी अडवूच शकत नाही. मोहफुलाचा हंगाम तोंडावर आलाय, ढोरांना चारा नाही, आमचं देवस्थानही आतच आहे. मी नवीन सरपंच. खरं कोणाचं मानायचं?"

सरपंचताई, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. भांडण होतं ते उरलेल्या अर्ध्यावरून. मी वनखात्यात वनक्षेत्रपाल म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ग्रामसभांच्या वनहक्क दाव्यांची कागदपत्रं पाहतो, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी कानाला सरावलेली आहेत. माझं सांगणं इतकंच की "आत जाता येतं का" असा प्रश्नच कोणाला विचारू नका. कोणत्या रेषेच्या आत, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कागदावर, असं विचारा. उत्तर दर वेळी वेगळं येईल, आणि ते तसंच यायला पाहिजे.

आधी रेषेचं बघू. आपल्याकडे हिरवं दिसलं की सगळंच "वाइल्डलाइफवाल्यांचं" समजतात. प्रत्यक्षात एकाच रानात चार-पाच वेगळ्या हद्दी असतात. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१३ मध्ये आसपासच्या संरक्षित क्षेत्रांसह त्यांचा एक व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोब्यातही तसंच आहे. मूळ राष्ट्रीय उद्यान ११६ चौरस किलोमीटरचं, १९५५ सालचं. भोवतीचं अंधारी अभयारण्य १९८६ चं. १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा (कोअर) सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि गाभ्याभोवतीचा पट्टा, म्हणजे बफर, ११०० चौरस किलोमीटरच्या वर. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, बाजार भरतात. गुराखी सकाळी ढोरं घेऊन निघाला तर दुपारपर्यंत तीन कायद्यांच्या हद्दीतून फिरून येतो, आणि त्याला कोणी पाटी दाखवत नाही.

या हद्दींमधला फरक नावापुरता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य जाहीर करताना जिल्हाधिकाऱ्यांना लोकांच्या हक्कांची चौकशी करावी लागते, आणि चौकशीअंती एखादा हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा आहे. राष्ट्रीय उद्यानात ती मुभा नाही. चराईचंही तसंच. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक चराईचं नियमन करू शकतात, म्हणजे काही अटींवर ती चालू शकते. राष्ट्रीय उद्यानात चराई सरळ बंद. म्हणून तुमच्या गावाजवळचा भाग नेमका कोणता, हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयातून नकाशासकट लेखी मागा. तोंडी "कोअर आहे" म्हटल्याने काही ठरत नाही.

बीटगार्डच्या बाजूचा अर्धा भाग असा. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना जाऊ शकतात ते मोजकेच लोक: कर्तव्यावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक रस्त्यावरून नुसता जाणारा, आणि पहिल्या तिघांवर अवलंबून असलेले. बाकी सगळ्यांना परवाना लागतो. आतून वनोपज काढायला कलम २९ आडवं येतं. ज्या काही स्थितीत काढायची परवानगी मिळते तिथेही माल लोकांच्या घरगुती गरजेपुरताच वापरायचा, विकायचा नाही. त्यावर १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेलं, पडलेलं लाकूड किंवा गवतही काढायला मनाई केली. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात की "आधी मोळी आणू देत होते, मग एकदम बंद झालं." त्या एकदमचं मुख्य कारण हा आदेश. शिपायाच्या मनात आलं म्हणून ते झालेलं नाही.

पोरांच्या बाजूचा अर्धा भाग २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान आहे. गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातला बाकी माल) गोळा करणं, वापरणं, विकणं, चराई, पाणवठ्यातली मासेमारी, जंगलाचं सामूहिक व्यवस्थापन हे हक्क तिथेही मागता येतात. शिकार तेवढी वगळली आहे. हक्कांची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकावून लावता येत नाही. २०१७ मध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने गाभा क्षेत्रात हक्क देऊ नयेत असं पत्र काढलं होतं. ते पुढच्या वर्षी मागे घेण्यात आलं, तरी काही कार्यालयांत ते अजून टेबलाच्या काचेखाली जपून ठेवल्यासारखं बाहेर येतं. कोणी दाखवलं तर शांतपणे विचारा, की साहेब, हे आज लागू आहे का?

पण पोरांना हेही सांगा की कायद्यात हक्क असणं आणि गावाच्या नावाने तो मान्य झालेला असणं यात अंतर आहे. तुमच्या ग्रामसभेने सामूहिक दावा केला आहे का? तो उपविभागीय समितीतून जिल्हास्तरीय समितीपर्यंत गेला का? अधिकारपत्रात जंगलाच्या कोणत्या तुकड्यांचे, म्हणजे कक्षांचे, क्रमांक लिहिले आहेत? अधिकारपत्र बफरमधल्या चार कक्षांचं आणि पोरं शिरतात पाचव्यात, तर तिथे तुमचा कागद काही कामाचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच निघतं.

दावा झालेला नसेल तर विदर्भाला एक सोय आहे जी बाकी महाराष्ट्राकडे फारशी नाही. आपल्याकडे जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून निस्तार हक्कांची, म्हणजे रोजच्या गरजा जंगलातून भागवण्याच्या गावाच्या हक्कांची, नोंद आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही कागद जमीन महसूल संहितेत आजही जागेवर आहेत. कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून सरपण, चारा, बांबू, मोहफूल घ्यायचं हे त्यात लिहिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल काढा. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात, पण नुसत्या जबाबांवर दावा लंगडा राहतो. निस्तारपत्रक जोडलं की समोरचा अधिकारी खुर्चीत सावरून बसतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ते जंगल अभयारण्य नव्हतं, हे मात्र सांगताना विसरलं जातं. तुमच्या वाटेत दोन फाटकं जास्त आहेत.

आता मोहफूल. हा तुमचा तातडीचा प्रश्न आणि सगळ्यात नाजूकही. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून बाया अंधारात टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात, हरणालाही, आणि हरणामागे कोण येतं ते मी सांगायला नको. फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो. वाकलेला माणूस मागून माणसासारखा दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भातून हल्ल्यांच्या बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच या वेचणीच्या असतात. त्यामुळे हक्क असो वा नसो, उजाडल्याशिवाय निघायचं नाही, पाच-सहा जणींनी मिळून जायचं, आणि एकीने वेचायचं नाही, नुसतं उभं राहून बघायचं. तिच्या वाट्याची फुलं बाकीच्यांनी भरून द्यायची. याला गावात आधी हसतात. हंगामभर पाळलं की कोणी हसत नाही.

दुसरी गोष्ट आगीची, आणि यावर मी ग्रामसभेशी भांडायलाही तयार असतो. झाडाखालचा पाचोळा जाळला की जमीन साफ होते, फूल चटकन दिसतं, हे मान्य. पण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, वारा दुपारी उठतो, आणि एका मोहाखालची आग संध्याकाळपर्यंत टेकडीवर चढते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, सागाची, मोहाची, चारोळीची नवी रोपं जातात. पुढच्या वीस वर्षांनी मोह वेचायला झाड कुठून येणार? अभयारण्यात आग लावणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा आहे आणि वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्येही वन्यजीव, जंगल, पाणी राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवरच टाकलेली आहे. म्हणजे या एका बाबतीत दोन्ही कायदे एकाच बाजूला उभे आहेत. पाचोळा झाडून बाजूला करा. जुन्या साड्या किंवा शेडनेट झाडाखाली पसरा, फूल स्वच्छ मिळतं आणि भावही बरा येतो. फक्त एक लक्षात ठेवा: कायद्यातल्या शस्त्रांच्या यादीत चाकू आणि गळासोबत जाळंही आहे, आणि परवान्याशिवाय शस्त्र घेऊन आत जायला मनाई आहे. नेट कशासाठी नेतोय ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून त्याची प्रत आधीच परिक्षेत्र कार्यालयात द्या. उगाच नव्या शिपायाशी वाद नको.

तेंदूपत्त्याचं लवकर आटोपतो. अभयारण्यात तेंदूचे घटक लिलावात जात नाहीत, तुमचा फड (पत्ता गोळा करायची जागा) बफरमध्ये किंवा प्रादेशिक वनविभागाच्या जंगलातच लागणार. खुडणी मे महिन्यात होते, पण आगीचा धोका त्याच्या आधीच सुरू होतो, चांगला पाला फुटावा म्हणून खालचं रान पेटवतात तेव्हा. ठेकेदाराशी करार करताना आग लागली तर जबाबदारी कोणाची, ही अट त्यात घाला.

ढोरांबद्दल मी थोडं कडू बोलणार आहे. तुमच्या गावात दूध न देणारी, बैलकामाला न येणारी किती ढोरं आहेत ते मोजा. शेणखतासाठी आणि चार पैशांची पुंजी म्हणून ती ठेवतात, चारा मात्र पूर्णपणे जंगलाचा. ती आत गेली की तीन गोष्टी होतात. गवत कमी झालं की चितळ, नीलगाय बाहेर तुमच्या हरभऱ्यात येतात. लाळ्या-खुरकूत गव्यापर्यंत पोचतो, म्हणूनच अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या जनावरांना लस टोचण्याची तरतूद कायद्यात आहे. लसीची मागणी ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लेखी करा, तो तुमचा हक्क आहे. आणि तिसरं, वाघाला बांधलेल्यासारखं सोपं भक्ष्य मिळतं, मग तो गावाच्या अंगानेच राहतो. चराई पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. धानाची तणस शेतात जाळण्याऐवजी गंजी मारून ठेवा, बफरमधल्या कोणत्या पट्ट्यात कोणत्या महिन्यात ढोरं जातील ते ग्रामसभेत ठरवा, ढोरं राखायला एकट्या पोराला पाठवू नका.

वाघाने ढोर मारलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. भरपाई उशिरा येते हे खरं. माणूस दगावला तर राज्य सरकारची मदत आता २५ लाख रुपये आहे. पण घटना कुठे घडली आणि माणूस तिथे कशासाठी होता हे पंचनाम्यात येतंच, आणि गाभ्याच्या आत विनापरवाना असेल तर प्रकरण अडतं. घरच्या माणसांना हे आधी कळलेलं बरं.

ढोर गेल्याच्या रागात मढ्यावर थिमेट (विषारी कीटकनाशक) टाकणारे लोक मी पाहिले आहेत. एका वाघापाठोपाठ तरस, कोल्हा, घोरपड, गावातली कुत्री सगळं मरतं. रानडुकरासाठी शेताच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कुंपणात सरळ मेन लाइनचा करंट सोडणं हा त्याहून मोठा प्रकार. त्यात वाघ मरतात, शेजारचा शेतकरीही मरतो. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून येतो, त्यात जीव जात नाही, आणि त्याला अनुदान आहे. जिवंत तारेबाबत गावाने कोणाचीही कड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पाव्हणा असला तरी. शिकारीचा गुन्हा अभयारण्यातला असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि वापरलेली गाडी सरकारजमा. तळ्यात, डोहात विष टाकून मासे मारणारेही याच रांगेतले.

मासेमारीचा विषय निघालाच तर तोतलाडोहचं उदाहरण बघा. पेंच नदीवर धरण झालं, गावं उठली, पाणी राष्ट्रीय उद्यानात आलं. मध्य प्रदेशच्या बाजूने विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण कुठून जायचं, काय करायचं नाही, अशा कडक अटी घातल्या. मला हा निकाल आवडतो. माणूस आणि जंगल दोघांनाही बाहेर न काढता त्याने कामाला अटी घातल्या. प्रत्यक्षात त्या जलाशयात रात्रीची चोरटी मासेमारी वर्षानुवर्षं चालत राहिली, ही वेगळी कथा.

देवस्थान. ताडोबा तळ्याच्या काठी झाडाखाली तारूदेव आहे. गोंड समाजाचा तो देव, प्रकल्पाचं नावही त्याच्यावरूनच. पौषात तिथे जत्रा भरायची. म्हणजे देव जंगलात असणं नवं नाही आणि वन्यजीव कायद्याच्या परवान्याच्या कारणांत दर्शन हे कारण नाही, हेही जुनंच. वनहक्क कायद्यात पारंपरिक हक्कांचं कलम आहे. देवस्थानाचा त्यात वेगळा उल्लेख करून दावा करा. तोवर वर्षातून ठरलेले एक-दोन दिवस, ठरलेली वाट, दिवसा जाणं-येणं, लाउडस्पीकर नाही, आत स्वयंपाक नाही, प्लास्टिक परत आणायचं, असा ठराव करून व्याघ्र प्रकल्पाच्या उपसंचालकांना द्या. नुसतं "आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे" म्हणून गेलात तर बैठक फिसकटते. वेळ आणि माणसांचा आकडा घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं.

तुमच्या पत्रात एक प्रश्न नाही, पण गावात तो बोलला जात असेल: आम्हाला मोळी आणू देत नाहीत आणि जिप्सी दिवसभर आत फिरतात, हे कसं? प्रश्न रास्त आहे. पर्यटनाला कायद्यात परवाना आहे, आणि २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते गाभ्याच्या २० टक्क्यांपुरतं आवरलं आहे. पण पर्यटक जंगलाला काही करत नाही हा समज चुकीचा. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींनी दोन्हीकडून अडवले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मोळीवाल्या बाईने वाघिणीची वाट अडवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. फाटकाच्या उत्पन्नातला वाटा गावच्या परिस्थितिकीय विकास समितीपर्यंत किती येतो, गाइड आणि जिप्सीचालक किती गावचे, हे दरवर्षी ग्रामसभेत लेखी मागत जा. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून गॅस जोडणी मिळते, ती घ्या, पण दुसरं सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून सरपण सुरूच राहतं, हेही त्याच बैठकीत सांगा. त्यांनाही ते माहीत आहे. फक्त कोणी लिहून देत नाही.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची, म्हणजे अभयारण्याभोवती जाहीर होणाऱ्या पट्ट्याची, अफवा तुमच्याकडेही आली असेल, की शेती बंद होणार. शेती बंद होत नाही. खाणी, क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने यांना बंदी असते, आणि हॉटेल-रिसॉर्टवर बंधनं. अफवा बहुतेक ज्यांना जमीन विकायची किंवा घ्यायची असते तेच पसरवतात.

शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, लहान रस्ता, विजेची लाइन यांसाठी वनजमीन हवी असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सार्वजनिक सोयींची यादी आहे. दर सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. मोठ्या रस्त्यांना ही वाट नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचजवळ वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले, तेव्हा कुठे चौपदरीकरण झालं.

पुनर्वसनाचं कोणी बोललं तर घाई करू नका. ते स्वेच्छेने व्हायला पाहिजे, ग्रामसभेची आणि प्रत्येक कुटुंबाची माहिती घेऊन दिलेली संमती पाहिजे, आणि आधी हक्क मान्य झालेले पाहिजेत. पैशांचा पर्याय २०२१ पासून कुटुंबाला १५ लाख रुपये आहे, त्याआधी १० लाख होता. अठरा वर्षांवरचा मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा हे वेगळं कुटुंब धरलं जातं. यादी करताना नेमकी बायांची नावं गळतात, ती तुम्हीच बसून तपासा. आधी उठलेल्या गावांत जाऊन या. कोळसा आणि बोटेझरीची माणसं ताडोब्याबाहेर राहतात, जामणीचीही. बँकेत पैसे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत काय होतं ते त्यांच्याकडून ऐका, माझ्याकडून नको.

या महिन्यात करायचं ते एवढंच. मोहफुलाच्या आधी विशेष ग्रामसभा घ्या, बायांची वेगळी बैठक त्याच्या आदल्या दिवशी. वनहक्क समिती कागदावर आहे की खरोखर बसते ते बघा. नकाशाची आणि निस्तारपत्रकाची मागणी दोन वेगळ्या अर्जांत करा, एकात घातली की दोन्ही टेबलं एकमेकांकडे बोट दाखवतात. आग न लावण्याचा ठराव पहिला घ्या, वेचणीचा दुसरा. तोच क्रम ठेवून दोन्ही ठरावांच्या प्रती वनक्षेत्रपालांना बैठकीचं निमंत्रण देताना सोबत जोडा, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.